हवेला दोन वाटा लागतात



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा विषय छातीचे विकार हा होता. माझा विषय इमारती. संयोजकांनी ‘घरातली हवा’ असा विषय सुचवला तेव्हा मला बरे वाटले, कारण या दोन व्यवसायांच्या हद्दी एकमेकींना भिडतात त्या इथेच. औषध डॉक्टर देतात. पण रोगी रात्रभर कोणती हवा घेणार, हे नकाशा काढणाऱ्याने कित्येक वर्षे आधी ठरवून टाकलेले असते. आज त्या ठरवण्याबद्दल बोलायचे आहे. पंखे, झरोके, डक्ट, चिमणी असल्या किरकोळ वस्तूंची नावे भाषणात वारंवार येतील, त्याला इलाज नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढे शहराची जी दाणादाण उडाली तिच्याबद्दल आपण पुष्कळ वाचले आहे. मला त्यातला एक तपशील महत्त्वाचा वाटतो. सरकारी माणसे घरोघर फिरत, अंधाऱ्या खोल्यांवरची कौले काढून आत उजेड सोडत, आणि घर फारच कोंदट असले तर त्यावर ‘यू.एच.एच.’ अशी अक्षरे रंगवत. हे घर माणसाच्या वस्तीला नालायक, असा त्याचा अर्थ. प्लेग कोंदट हवेतून येतो ही तेव्हाची समजूत होती. ती चूक होती. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरची पिसू आणि प्लेग यांचा संबंध दाखवून दिला. कौले काढल्याने पिसवांचे काही बिघडत नव्हते.

पण त्याच १८९८ साली, त्याच चुकीच्या समजुतीवर, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते वस्ती कापून काढले. त्यात पुष्कळ गरिबांची घरे गेली आणि त्या सगळ्यांना नवी मिळाली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ट्रस्टने चाळीही बांधल्या. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वीसेक वर्षे वास्तव्य होते, ती त्यांपैकीच. याच ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका कोनाचा ध्यास घेतला होता. तो कोन साडेत्रेसष्ट अंशांचा. आपल्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त चढी होता कामा नये, एवढाच तो नियम. कोन असा विचित्र का, ते शाळेतली त्रिकोणमिती आठवली की कळते. या कोनाचे टॅन जवळजवळ नेमके २ येते. म्हणजे दोन इमारतींमधली मोकळी जागा निदान उंचीच्या निम्मी हवी. गवंड्यालाही सांगता येईल असा नियम आहे.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. गोवंडी-मानखुर्द भागात लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. झोपडी गेली, पक्की सदनिका मिळाली, कागदोपत्री माणूस सुधारला. तळमजला अधिक सात मजल्यांच्या या इमारती. त्यांतल्या कित्येकांमधले अंतर जेमतेम ३ मीटर. ऑरसाहेबांची रेघ इथे ओढून पाहू. उंची २३ मीटर धरली तर जागा साडेअकरा मीटर हवी होती. प्रत्यक्षात कोन ८२ अंशांच्या पुढे जातो. खालच्या मजल्यांवर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि खिडकी उघडली तर समोरच्याची खिडकी आणि मधल्या बोळातला कचरा समोर येतो, म्हणून ती बंदच राहते. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ च्या सुमारास इथल्या घरांची पाहणी केली तेव्हा कमी उजेड, कमी हवा आणि क्षयरोग यांचा मेळ स्पष्ट दिसला. या इमारती बेकायदा नव्हत्या, हे लक्षात ठेवा. पुनर्वसनासाठी मोकळ्या जागेचे नियम सैल केले होते. प्लेगच्या वेळी शास्त्र चुकले आणि नियम बरोबर आला. आपल्या वेळी शास्त्र पक्के ठाऊक होते आणि नियम सोडून दिला.

शास्त्र पक्के म्हणजे किती? १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात रिचर्ड रायली आणि विल्यम वेल्स यांनी क्षयरोग्यांच्या वॉर्डातली हवा नळाने वर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांवरून सोडली. रोगी आणि प्राणी यांची गाठ कधीच पडली नाही. तरी प्राण्यांना क्षय झाला. दुसऱ्या पिंजऱ्यांकडे जाणारी तीच हवा वाटेत अतिनील किरणांखालून नेली, तिथले प्राणी निरोगी राहिले. क्षय हवेतून पसरतो हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही. पुढे २००७ मध्ये पेरू देशातल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांची मोजणी प्रसिद्ध झाली. खिडक्या-दारे उघडी ठेवली की खोलीतली सगळी हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेचणाऱ्या खास खोल्यांत १२ वेळा. १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती सर्वांत सरस ठरल्या.

इथे सभेत नेहमी कोणीतरी मान डोलावून म्हणतो, ‘आपले जुने वाडे काय उगीच होते!’ थोडे थांबू या. वाड्याचा चौक ही हवेची उत्तम सोय होती, यात शंका नाही. चौकातली तापलेली हवा वर जाई, तिच्या जागी ओसरीतून गार हवा येई. पण चौकाभोवती पुरुषांचे जग होते. माजघर अंधारे, स्वयंपाकघर त्याच्याही मागे. धुराडे असले तर असले. बाळंतिणीची खोली तर दारे-खिडक्या लावून, आत शेगडी पेटवून, वर धुरी देऊन बंद केलेली. चुलीचा किती धूर बायकांच्या छातीत जातो हे मोजून दाखवायला १९८० च्या दशकात कर्क स्मिथ यांच्यासारख्या संशोधकांना गुजरातच्या खेड्यांत उपकरणे घेऊन बसावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात घरातल्या चुलींच्या धुरामुळे जगात ३२ लाख मृत्यू झाले. तेव्हा वाड्याबद्दल हळवे व्हायचे असेल तर आधी मागच्या खोलीत जाऊन यावे.

आजच्या सदनिकेकडे वळतो. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत दमट-उष्ण हवामानासाठी खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या एक षष्ठांश असावे असे म्हटले आहे. १०० चौरस फुटांच्या खोलीला साधारण १७ चौरस फूट खिडकी. हे क्षेत्रफळ चौकटीसकट मोजतात. मग आपण लाकडी उघडत्या झडपा काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. सरकती खिडकी कितीही उघडा, अर्धी बंदच राहते. तिला डासांची जाळी लागली, जाळीवर धूळ बसली, बाहेर ग्रिलच्या पेटीत कुंड्या आणि जुनी सायकल आली. बाल्कनी खोलीत घेतली. नियमातला एक षष्ठांश कागदावर जसाच्या तसा आहे. खोलीत त्याचा किती उरला ते घरी जाऊन पाहा.

पण खिडकीपेक्षा मोठी गोष्ट आहे ती वाटेची. हवेला दोन वाटा लागतात, एक यायची आणि एक जायची. एकाच भिंतीत खिडकी आणि समोरचे दार बंद, अशा खोलीत बाहेर सोसाट्याचा वारा असला तरी आत फारसे काही हलत नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कितीही फुंकले तरी आतली हवा आतच राहते, तसे. एक्झॉस्ट फॅनचे हेच होते. लोक पंखा बसवतात आणि दाराखालची फट कापड लावून बुजवतात. पंखा फिरतो, आवाज करतो, हवा मात्र जवळजवळ जात नाही. कारण जितकी बाहेर जायची तितकी आत यायला जागाच ठेवलेली नाही. दार जमिनीपासून बोटभर वर कापले तर त्या पंख्याचे पैसे वसूल होतात.

याच चुकीचे जीवघेणे रूप म्हणजे बाथरूममधला गॅस गिझर. दर हिवाळ्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तीच बातमी येते: आंघोळीला गेलेले माणूस बाहेर आले नाही. हिशेब सोपा आहे. एक किलो एलपीजी नीट जळायला १२-१३ घनमीटर हवा लागते. नेहमीचा छोटा गिझर सतत चालला तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. आपली बाथरूम सहा-सात घनमीटरची. म्हणजे खोलीतली सगळी हवा त्याला जेमतेम पाऊण तास पुरते, आणि त्याच्या कितीतरी आधी ज्योत अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड सोडू लागते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखेही वाटत नाही. गुंगी येते आणि पाय गळतात. एक्झॉस्ट फॅन लावला की झाले असे समजू नये. आत येणारी वाट नसेल तर तो पंखा गिझरचाच धूर खाली ओढू शकतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या जागी असावा. आज मी सांगतो आहे त्यातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल.

स्वयंपाकघरात चूल गेली, गॅस आला, धूर दिसेनासा झाला. फोडणीत मिरची पडली की दिवाणखान्यातला माणूस खोकतो, तेवढ्यापुरता तो पुन्हा दिसतो. तळताना तेलाचे सूक्ष्म कण हवेत जातात, ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड येतो. यावर घरोघर चिमण्या बसल्या आहेत. विकत घेताना सक्शनचा आकडा विचारतात, पण नळ कुठे जातो हे कोणी विचारत नाही. बिननळाची चिमणी जाळीतून तेल गाळते, कोळशाने थोडा वास मारते आणि तीच हवा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या तोंडावर परत सोडते. वायू तसेच राहतात. नळ असला तर तो आखूड आणि कमी वळणांचा हवा. काही इमारतींत तो डक्टमध्ये सोडतात. ज्या डक्टमध्ये सगळ्या मजल्यांची संडास-बाथरूमची झडप उघडते, तीत चौथ्या मजल्याचे तळण सोडले की पाचव्या मजल्याच्या बाथरूममध्ये ते पोचते. उपाय खर्चाचा नाही: नळ बाहेरच्या भिंतीतून काढावा, चिमणी चालू असताना एक खिडकी चार बोटे उघडी ठेवावी, आणि गॅस बंद केल्यावरही दहा मिनिटे पंखा चालू द्यावा.

झोपायच्या खोलीकडे येतो, कारण आयुष्याचा तिसरा हिस्सा आपण तिथे घालवतो आणि तिथल्याच हवेचा सर्वांत कमी विचार करतो. म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये एक युक्ती सुचवली: खोलीतली हवा किती शिळी आहे हे कळायला कार्बन डायऑक्साइड मोजावा. तो स्वतः फार अपाय करतो म्हणून नव्हे. तो माणसांच्या श्वासातून येतो, म्हणून दुसऱ्याच्या उच्छ्वासाचा किती वाटा आपण घेतो आहोत हे तो सांगतो. हवेच्या हजार भागांत एक भाग, म्हणजे आजच्या भाषेत १००० पीपीएम, ही त्यांची मर्यादा. दीडशे वर्षे लोटली, अजून पुष्कळ जण तोच आकडा धरून चालतात. बाहेरच्या हवेत आज ४२० च्या वर आहे.

दहा बाय दहाची, साडेनऊ फूट उंचीची खोली घ्या: सुमारे २७ घनमीटर. दोन माणसे झोपली तर दोघे मिळून तासाला अंदाजे २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोली अगदी बंद असती तर आकडा दर तासाला नऊशेच्या वर चढला असता. फटी असतात म्हणून तो कुठेतरी दोन-तीन हजारांवर स्थिरावतो. सकाळी डोके जड होते, आपण म्हणतो झोप नीट झाली नाही. ‘पण एसी तर चालू होता!’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरून हवा आणत नाही. बाहेरच्या यंत्राशी त्याचा संबंध तांब्याच्या नळ्यांतून फिरणाऱ्या वायूपुरता असतो. खोलीतली हवा तो तीच-तीच गार करून देतो. जुन्या खिडकीतल्या एसीला निदान एक छोटी झडप असे. ती उघडायची असते हे कोणाला माहीत नव्हते, ती गोष्ट वेगळी. एअर प्युरिफायरही तसाच. तो धूळ गाळतो, श्वास परत नवा करत नाही. या बंद खोलीत डासांची कॉइल लावणाऱ्यांसाठी एकच आकडा देतो: २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचे आढळले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असताना डॉ. संदीप साळवी हे सांगून-सांगून थकले असतील.

मग किती हवा लागते? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दर माणशी सेकंदाला १० लिटर असे प्रमाण दिले. दोघांना तासाला ७२ घनमीटर. तेवढी आली तर कार्बन डायऑक्साइडचा मघाचा आकडा आठशेच्या आत राहतो. बाथरूममधला सहा इंची पंखा कंपनीच्या कागदावर याच्या काही पट हवा फेकतो. म्हणजे बहुतेक घरांत ताकद आधीच आहे, वाट नाही. विजेचे काय, असे विचाराल. मुंबईच्या दमट रात्री एवढी हवा गार आणि कोरडी करायला एसीला दीडशे ते अडीचशे वॉट जास्त लागतील, रात्रीला एक-दोन युनिट. त्यातला बराच भाग हवेतला दमटपणा काढण्यात जातो.

थंड देशांना आत येणारी हवा तापवण्याचा असाच खर्च फार जाचला. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्यांनी घरांच्या सगळ्या फटी बुजवल्या, आणि काही वर्षांत घरे आजारी पडू लागली: भिंतींवर बुरशी, डोळ्यांत जळजळ. त्यातून यांत्रिक वायुवीजन घरात आले. कॅनडात सस्कॅचवान प्रांतात १९७७ मध्ये बांधलेल्या एका प्रायोगिक घरात बाहेर जाणाऱ्या उबदार हवेची ऊब आत येणाऱ्या गार हवेला देणारी पेटी बसवली होती. दोन्ही हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी जातात, मिसळत नाहीत. आज हिचे दोन प्रकार मिळतात. एकात फक्त उष्णतेची देवघेव होते, त्याला एचआरव्ही म्हणतात. दुसऱ्यात बाष्पाचीही होते, तो ईआरव्ही. कोकणपट्टीत घ्यायचाच तर दुसरा घ्यावा, कारण आपला खर्च बाष्पाचा आहे. विक्रेता युरोपातले माहितीपत्रक दाखवून पहिला गळ्यात मारू पाहील.

मला अधिक शिकण्यासारखे वाटते ते जपानचे. तिथे १९९० च्या दशकात नव्या घरांत राहायला गेलेली माणसे आजारी पडू लागली. प्लायवूडच्या डिंकातून निघणारा फॉर्मल्डिहाइड हे मुख्य कारण होते. (नव्या फर्निचरचा जो वास आपल्याला श्रीमंतीचा वाटतो, त्यात हाही असतो.) जुलै २००३ पासून जपानने कायदाच केला: प्रत्येक नव्या घरात चोवीस तास चालणारी यंत्रव्यवस्था हवी आणि दर दोन तासांना निदान एकदा घरातली सगळी हवा बदलली पाहिजे. त्यासाठी महागडी पेटीच हवी असे नाही. पुष्कळ घरांत भिंतीत मुठीएवढे गोल झरोके असतात, त्यांना गाळणी असते, आणि बाथरूमच्या छतात एक मंद पंखा रात्रंदिवस फिरतो. झोपायच्या खोलीच्या झरोक्यातून हवा येते, दाराखालून बोळात जाते, बाथरूममधून बाहेर पडते. स्वच्छ जागेकडून घाण जागेकडे, नेहमी एकाच दिशेने. आपल्याकडे ती अनेकदा उलटी, संडासाकडून दिवाणखान्याकडे वाहते.

आता तुमचा खरा आक्षेप. बाहेरचीच हवा वाईट असेल तर ती आत कशाला आणायची? मुंबई-पुण्यात हिवाळ्यात बांधकामांची धूळ आणि वाहनांचा धूर इतका असतो की खिडकी उघडणे हाच गुन्हा वाटतो. आक्षेप रास्त आहे, पण उत्तर खिडकी कायमची बंद करणे हे नव्हे. झरोक्याला गाळणी लावून हवा आत आणता येते. ती दर दोन-तीन महिन्यांनी बदलायला हवी, आणि घोडे तिथेच अडते. वेळही निवडता येते. पहाटेची हवा शुद्ध ही आपली श्रद्धा शहरी हिवाळ्यात खोटी ठरते: जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही, रात्रभराचा धूर तिच्यात अडकून राहतो. ऊन तापल्यावर, अकरा ते चारच्या सुमारास, हवा वर उठते आणि कण विखुरतात. खिडक्या उघडायच्या त्या तेव्हा. रस्त्याकडच्या नव्हे, मागच्या बाजूच्या. पावसाळ्यात मात्र खिडकी उघडून भिंती सुकत नाहीत, बाहेरच बाष्प भरलेले असते. घरात वाळत घातलेले कपडे, उकळते पाणी, आंघोळीची वाफ हे जिथल्या तिथे पंख्याने बाहेर काढणे एवढेच हाती राहते.

हे सगळे घरमालकाच्या हातातले झाले. नकाशा त्याच्या हातात नसतो, असे तुम्ही म्हणाल. आज तो थोडा आहे. मुंबईत आणि पुण्यात जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत, सभा भरताहेत. चटई क्षेत्र, कॉर्पस, भाडे, पार्किंग यांवर रात्री अकरापर्यंत वाद चालतात. त्या सभेत बिल्डरच्या आर्किटेक्टकडे एक कागद मागा: इमारतीचा उभा छेद, शेजारची इमारत दाखवणारा. त्यावर तुमच्या मजल्याच्या खिडकीखाली कोनमापक ठेवा. दुसरे विचारा, डक्ट वर गच्चीत उघडते की टाकीखाली बुजते. तिसरे, स्वयंपाकघराच्या चिमणीचे भोक बाहेरच्या भिंतीत आधीपासून सोडले आहे का. पुनर्वसनातली वेगळी इमारत असेल आणि विक्रीची वेगळी, तर हेच तीन प्रश्न पुनर्वसनाच्या इमारतीसाठीही विचारा. तिथे राहायला जाणाऱ्यांना त्या सभेचे बोलावणे बहुधा गेलेले नसते.